अळी नसलेलं वांगं खायचं का?

आई भरली वांगी करायला बसली की नीट बघा. वांग्याला चिरा देते आणि लगेच आत डोकावते. कशासाठी? अळीसाठी! वांगं बाहेरून कसं तुकतुकीत, जांभळं, देठ हिरवागार. आणि आत पाहावं तर पोखरून काळं केलेलं.

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ती हीच. अंड्यातून निघाली की कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात शिरते. एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ती आत शिरायच्या आधीच तिला गाठायला शेतकरी पुन्हा पुन्हा फवारणी करतो.

शास्त्रज्ञांना वाटलं, वांग्यानंच अळीचा समाचार घेतला तर?

मातीत एक जीवाणू असतो. नाव मोठं लांबलचक : बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जर्मनीतल्या थुरिंजिया भागावरून ते पडलं. सगळे त्याला थोडक्यात ‘बीटी’ म्हणतात. हा जीवाणू एक प्रथिन बनवतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं आणि तिला भोकं पाडतं. अळीचं खाणं थांबतं, ती मरते. आपल्या पोटात मात्र आम्ल असतं. तिथं हे प्रथिन मोडतं आणि त्याला चिकटायला लागणारी खास जागाही आपल्या आतड्यात नसते.

आता जनुक म्हणजे काय? आजीच्या पाककृतींच्या वहीतलं एक पान समजा! कोणतं प्रथिन कसं करायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. बीटीच्या वहीतलं असं एक पान वांग्याच्या वहीत चिकटवलं, की झालं बीटी वांगं. जालन्याच्या महिको कंपनीनं ते तयार केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं त्याला हिरवा कंदीलही दाखवला.

आणि देशभर वाद पेटला! बीटी कापूस २००२ पासून शेतात होताच. पण कापूस अंगावर घालायचा, वांगं तर पोटात जाणार. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. त्यांतली एक आपल्या नागपूरला झाली. सगळीकडची मिळून सुमारे ८,००० माणसं आली होती : शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, गृहिणी. कुणी विचारलं, “ह्यानं अॅलर्जी होणार नाही कशावरून?” कुणी म्हटलं, “ज्या कंपनीला बियाणं विकायचंय, तिनंच केलेल्या चाचण्यांवर विसंबायचं कसं?” वांगं मूळचं आपल्याकडचं. त्याच्या जळगावच्या भरिताच्या वांग्यासारख्या कितीतरी जाती आहेत. त्यांचं काय होणार, हीही काळजी होती.

९ फेब्रुवारी २०१० ला रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. माणसाच्या आरोग्यावर आणि पर्यावरणावर दीर्घकाळ काय परिणाम होतो, हे स्वतंत्र अभ्यासातून सिद्ध होईपर्यंत थांबायचं, असं ठरलं. ही स्थगिती अजून उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशानं मात्र २०१४ मध्ये हे वांगं शेतकऱ्यांना दिलं. तिथं फवारण्या कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

मग लोकांची भीती खोटी होती का? दोन खऱ्या गोष्टी ऐका.

सोयाबीन जास्त पौष्टिक व्हावं म्हणून एका अमेरिकन कंपनीनं त्यात ब्राझील नट या फळाचं जनुक घातलं. या नटाची काही जणांना अॅलर्जी असते. अशा माणसांचं रक्त तपासलं, तर ती अॅलर्जी नव्या सोयाबीनमध्येही उतरली होती! हे संशोधन १९९६ मध्ये छापून आलं. ते सोयाबीन बाजारात कधी आलंच नाही. तपासणी झाली म्हणून वाचलो.

दुसरी गोष्ट २००० सालची. अमेरिकेत ‘स्टारलिंक’ नावाचा मका फक्त जनावरांच्या खाद्यासाठी होता. तो माणसांच्या खाण्यात मिसळलेला सापडला. काही जणांना वाटलं, आपल्याला त्याचा त्रास झाला. सरकारी डॉक्टरांनी २८ जणांचं रक्त तपासलं. त्या मक्याच्या प्रथिनाची अॅलर्जी कुणाच्याही रक्तात दिसली नाही. पण ठेवलेली वस्तू भलतीकडे गेलीच ना? ती सांभाळण्यातली चूक खरीच होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ मध्ये शेकडो अभ्यास चाळले. बाजारात असलेल्या अशा पिकांपासून माणसाच्या आरोग्याला इतर पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा पक्का पुरावा तिला मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रत्येक नवं पीक वेगळं तपासा. सगळ्यांना एकच शिक्का मारू नका.

बाबा विचारतील, “म्हणजे आपण असलं काही खातच नाही ना?” त्यांना सांगा, फरसाण ज्या सरकीच्या तेलात तळतात, ती सरकी बहुधा बीटी कपाशीचीच असते. पण तेल शुद्ध करताना त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही.

आणि आणखी एक विसरू नका. आरोग्य फक्त खाणाऱ्याचं नसतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या शेतात बीटी कपाशीच होती! कारण गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली होती, आणि इतर किडींना तर बीटी मारतच नाही. बीटीमुळे फवारणी कमी होते ही गोष्ट खरी, पण कायमची नव्हे.

तेव्हा दोस्तांनो, नवं वांगं पुढे आलं तर घाबरायचं नाही आणि डोळे मिटून खायचंही नाही. विचारायचं : यात नवं काय घातलंय? कुणी तपासलं? आणि पाकिटावर तसं लिहिलंय का?

तोवर चंपाषष्ठीला भरीत-रोडगा जरूर हाणा. फक्त वांगं आधी चिरून बघा. अळी असलीच, तर तिला बाहेर काढा आणि मग भाजायला ठेवा!