आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना

आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना हा स्वदेशात मिळालेल्या चालक अनुज्ञप्तीचा, म्हणजेच लायसन्सचा, अनेक भाषांतील अधिकृत अनुवाद होय. परदेशात मोटार भाड्याने घेताना अनेक ठिकाणी तो मागितला जातो. नाव परवाना असले तरी त्याला स्वतंत्र अस्तित्व नाही. मूळ लायसन्स सोबत नसल्यास तो निरुपयोगी ठरतो.

आंतरराष्ट्रीय करार

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष वैध असतो. १९६८ च्या व्हिएन्ना करारातील परवान्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. भारत जिनिव्हा कराराचा सदस्य आहे, व्हिएन्ना कराराचा नाही.

हा भेद वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात गाडीची किल्ली हाती पडणार की नाही, हे त्यावर ठरते. जपान केवळ १९४९ च्या नमुन्याचा परवाना मानतो. त्यामुळे भारतीय परवाना तेथे चालतो, तर जर्मन चालकाला आपल्या लायसन्सचे जपानी भाषांतर जोडावे लागते. भारतीय परवानाही जपानमध्ये प्रवेश केल्यापासून एक वर्ष किंवा परवान्याची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोवरच चालतो. जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद असलेली व्यक्ती तीन महिन्यांच्या आत मायदेशी जाऊन नवा परवाना घेऊन परतली, तर हे वर्ष नव्याने मोजले जात नाही. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्यांची फसगत बहुधा याच नियमामुळे होते.

चीनच्या मुख्य भूमीवर असा परवाना ग्राह्य नाही. याउलट ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत मोटार चालविता येते.

भारतातील कार्यपद्धती

लायसन्सधारकास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे (आरटीओ) नमुना ४-अ मध्ये अर्ज करावा लागतो. परदेशात असताना मुदत संपल्यास तेथील भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोय २०२१ पासून आहे.

भाडे व विमा

कायद्याने परवाना आवश्यक नसला, तरी मोटार भाड्याने देणारी कंपनी तो मागू शकते. किमान वय, लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ आणि चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड अशा अटीही ती घालते. करारात नाव नसलेल्या सहप्रवाशाने गाडी चालविल्यास किंवा चालकाचा परवाना त्या देशात अवैध असल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग अपघाताचा खर्च भाडेकरूवर येतो. संकेतस्थळांवर विकल्या जाणाऱ्या खासगी ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ कार्डांना कायदेशीर मान्यता नसते.