अंगावर पिणारे मासे

डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की पहिली धाव आईबापाच्या अंगाकडे घेतात. नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारे ते जीव नर-मादीच्या दोन्ही कुशींना बिलगतात आणि कातडीवरचा बुळबुळीत थर लुचू लागतात. त्यांचं पहिलं अन्न तेच. आई दमली की एक झटका देऊन अंग सोडवून घेते. सगळा घोळका क्षणभर पाण्यात भांबावतो, मग शेजारीच थांबलेल्या बापाकडे वळतो. थोड्या वेळाने बाप झटका देतो आणि पाळी पुन्हा आईची.

ब्रिटनमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी 2010 मध्ये या थराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंडी घातल्यावर त्या थरातली प्रथिनं वाढतात, रोगांशी लढणारी प्रतिपिंडंही वाढतात. पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांना मागतील तेव्हा अंगाशी येऊ देतात. तिसऱ्या आठवड्यात मात्र थोडा थोडा वेळ त्यांच्यापासून लांब पोहत जातात, म्हणजे हळूहळू दूध तोडतात! हे सारं एक मासा करतो, तेही नर आणि मादी दोघं मिळून, हे कितीदा वाचलं तरी माझं नवल ओसरत नाही.

पण याच थरात डिस्कस पाळण्याची सगळी गोम आहे. पिल्लांचं अन्न असलेला हा बुळबुळीत थर मोठ्या माशाचं पहिलं चिलखतही आहे. जंतू आणि परजीवी यांना आधी तोच अडवतो. पाणी बिघडलं की पहिली झळ या थराला आणि कल्ल्यांना बसते. म्हणून डिस्कस पाळायचा म्हणजे आधी पाणी पाळायचं.

हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाच्या योहान नाटरर यांनी ब्राझीलमध्ये गोळा केलेल्या नमुन्यावरून योहान याकोब हेकेल यांनी 1840 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हेकेल डिस्कस ज्या रिओ नेग्रो नदीत राहतो, तिचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने ते आम्ल होतं, पीएच बऱ्याचदा 4 ते 5 च्या आसपास असतो आणि क्षार इतके कमी की पावसाच्या पाण्याशीच तुलना करावी. पुराच्या दिवसांत पातळी दहा-दहा मीटर चढते आणि जंगलच पाण्याखाली जातं. बुडालेल्या फांद्यांच्या जाळीतून सरकायला हे उंच, चपटं अंग उपयोगी पडतं. अंगावरचे उभे पट्टे सावल्यांत मिसळून जातात. मासा भेदरला की ते गडद होतात, निवांत झाला की फिकटतात. टाकीसमोर बसणाऱ्याने हे पट्टे वाचायला शिकावं. त्यांच्याइतकं लवकर दुसरं काहीच सांगत नाही.

आता घरची टाकी. पाणी 28 ते 30 अंश हवं, म्हणजे बहुतेक शोभेच्या माशांना लागतं त्याहून गरम. इथेच एक पेच आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. 20 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच. वीज गेली आणि एअरपंप थांबला, तर डिस्कसच्या टाकीत हाताशी फार वेळ नसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीवर चालणारा पंप ठेवणं ही चैन मानू नका.

दुसरी गोष्ट अमोनियाची. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणंही कुजून अमोनियाच होतं. पाण्यात तो दोन रूपांत राहतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक विषारी. कोणतं किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. 28 अंशांना पीएच 7 असताना विषारी हिस्सा एक टक्क्याहून कमी असतो. पीएच 8 झाला की तो साडेसहा टक्क्यांच्या घरात जातो. अमोनिया तेवढाच, पाणी तेच, विष मात्र नऊपटीहून जास्त! या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, पण ती वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने ती उजाड होते, म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

नायट्रेट काढायचा साधा उपाय म्हणजे पाणी बदलणं. मोठ्या माशांसाठी आठवड्याला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, वाढत्या पिल्लांसाठी रोज थोडं. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं असावं आणि अँटीक्लोरीन आधी घालावं. मुंबईचं नळाचं पाणी तलावांतलं, मुळात मऊ, त्यामुळे तिथे काम सोपं. बादलीला पांढरा थर धरणाऱ्या बोअरच्या पाण्यात मत्स्यशेतीत पैदा केलेले डिस्कस तग धरतात, पण अंडी नीट फुटत नाहीत. पिल्लं हवी असतील तर आरओचं पाणी मिसळावं लागतं.

हा मासा कळपातला. एकटा-दुकटा ठेवला तर एक दुसऱ्याला छळून मारतो. निदान पाच-सहा घ्यावेत, टाकी अडीचशे लिटरची आणि उंच असावी. सोबतीला कार्डिनल टेट्रा चालतात, तेही त्याच काळ्या नदीचे. एंजलफिश मात्र नकोत, त्यांच्यासोबत येणारे परजीवी डिस्कसला बाधतात.

आजाराची चाहूल ओळखू येते. अंग काळवंडतं, मासा कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, जेवण तोंडात घेऊन थुंकतो. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यातले परजीवी असण्याची दाट शक्यता. एकाच बाजूचा कल्ला हलत असेल तर कल्ल्यांवर कृमी असू शकतात. दोन्हींवर औषधं आहेत, पण बाटली उघडण्याआधी पाणी तपासा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

डिस्कस आणायचं मनात असेल, तर दुकानात त्याचे रंग बघून भुलू नका. आधी टाकी लावा, हीटर-फिल्टर सुरू करा, अमोनियाचे थेंब टाकून जीवाणूंना खाऊ घाला, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत थांबा. तोवर पैसे माशावर घालू नका, पाणी तपासायच्या किटवर घाला.