सबुरीचं फळ

रमजान निम्म्यावर आला की अंधेरी स्टेशनबाहेरच्या फळांच्या गाड्यांचा रंग बदलतो. 2017 साली तो जूनमध्ये आल्यामुळे हापूस निरोप घेत होता, जांभळं आणि लिची आली होती, आणि आलुबुखारांच्या शेजारी गालांवर लाली, अंगावर लव असलेले पीच मांडले होते. गाडीवाला त्यांना ‘आडू’ म्हणतो. बिनलवीचे, गुळगुळीत असतात ते नेक्टरिन. इफ्तारची फळं घेणारे हात मात्र कलिंगड आणि केळ्यांकडे वळतात. ‘महाग असतं आणि बेचव निघतं,’ हा पीचचा बहुतेकांचा अनुभव. माझाही तोच होता.

खरं तर मराठीत या फळाला नाव आहे, सप्ताळू. वर्गात हा शब्द उच्चारला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, अळूचा प्रकार का?” अळूचा काही संबंध नाही. फारसीत ‘आलू’ म्हणजे आलुबुखाराच्या जातीचं फळ. ‘जर्द’ म्हणजे पिवळा, म्हणून जर्दाळू. बुखाऱ्याचा तो आलुबुखार. आणि जाड गराचा तो शफ्तालू, मराठीत येऊन सप्ताळू झालेला. शास्त्रीय नावातही ‘पर्सिका’ आहे, म्हणजे इराणचं. मूळ मात्र चीनचं. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगने लिहून ठेवलंय की कनिष्काच्या काळात चीनकडच्या ओलिसांनी हे फळ इथे आणलं. पाहुणं वाटलं तरी ओळख जुनी आहे.

या झाडाला हिवाळ्यात चांगली थंडी लागते, नाहीतर ते नीट फुलत नाही. म्हणून ते कोकणात होत नाही. आपल्याकडे येतं ते हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरहून. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातलं राजगढ तर पीचसाठीच ओळखलं जातं. इतक्या लांबच्या प्रवासात चेंगरू नये म्हणून फळ कडक असतानाच तोडतात. आपण ते घरी आणतो आणि थेट फ्रिजमध्ये टाकतो. चूक होते ती इथेच. कच्चं पीच गारठलं की पिकणं खोळंबतं, गर कोरडा आणि पिठूळ होतो. मग बाहेर काढून ठेवलं तरी ते सुधारत नाही.

हे मला एका गाडीवाल्याने शिकवलं. पिशवी हातात देताना म्हणाला, “मॅडम, आज मत खाना. और फ्रिज में तो बिलकुल मत रखना. सब्र का फल है.”

तेव्हापासून मी पीच आणि नेक्टरिन कागदी पिशवीत, एकावर एक न रचता, ओट्यावर ठेवते. घाई असेल तर सोबत एक पिकलेलं केळं. दोन-तीन दिवसांत देठापाशी हलकं दाबलं की मऊ लागतं आणि स्वयंपाकघरात वास दरवळतो. लालीला भुलू नये. लालीखालचा हिरवा रंग जाऊन पिवळा किंवा मलईसारखा झाला की फळ तयार. तोडल्यानंतर साखर फारशी वाढत नाही, पण आंबटपणा उतरतो, रस सुटतो. मग फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

खायच्या आधी वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने चोळून धुतलं की लव निघते. साल नको असेल तर अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच थंड पाण्यात. साल बोटांनी सुटते. नेक्टरिनला ही खटपट नाही. तेही पीचच, एका जनुकाच्या फरकाने लव गमावलेलं.

इफ्तारला फोडी करून लिंबू, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालते. जवळजवळ नऊ दशांश पाणीच असलेलं फळ दिवसभराच्या कोरड्या घशाला बरं वाटतं. फार पिकलेल्याचं सब्जा घालून सरबत करावं. सहरीला दह्यात कुस्करावं. थोडं कडक नेक्टरिन कांदा, मिरची, कोथिंबीर घालून कोशिंबिरीत छान लागतं. आणि बेचव निघालंच तर फेकू नका. गूळ आणि आलं घालून चटणी शिजवा. आतली बी मात्र बदाम समजून खाऊ नये, ती विषारी असते.

त्या रमजानमध्ये अम्मीने इफ्तारला एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, “तुझ्या अब्बांनी क्रॉफर्ड मार्केटातून आणले होते, तू पहिले रोजे धरलेस तेव्हा.” मी हिशेब केला. 1984. तेव्हाही रमजान जूनमध्ये होता. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांनी त्याच ऋतूत परततो. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो पीचच्या मोसमातून निघून जाणार होता, मग हिवाळ्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीशी गाठ पडणार होती. जूनमधला रमजान पुन्हा येईल तो 2050च्या आसपास. अम्मी तेव्हा सत्तरीत होती.

हिशेब मी तिला सांगितला नाही. तिने ताटली पुढे केली, “अजून आहेत का?” ओट्यावर चार होते. दाबून पाहिले. उद्यापर्यंत होतील.