आमगांव प्रांतांतील गोंडांचें अलिखित दप्तर

आमगांवाहून पूर्वेकडे निघालें कीं भाताच्या सपाट बांध्या हळूहळू मागें पडतात, आणि साळेकसा व दरेकसा यांच्या बाजूस डोंगर व रान सुरू होतें. या टापूंतील गोंडांचें प्राचीन जीवन शोधूं जाणाऱ्यास कागद पुष्कळ मिळतो, परंतु तो बहुतेक पाहुण्यांचा. मोडी कागद भोसल्यांच्या अमलाचा. इंग्रजी तपशील विपुल होतो तो १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर.

गोऱ्या लोकांच्या आगमनापूर्वींचा काळ म्हणजे अस्पर्शित काळ, असें समजण्याचा प्रघात आहे. येथें तो लागू पडत नाहीं. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद औरंगजेबाच्या काळांत मुसलमान झाला व त्यानें बाहेरच्या कुणब्यांस व कारागिरांस आपल्या राज्यांत वसविलें. वैनगंगेच्या खोऱ्यांत पोवार आले, तलाव बांधणारे कोहळी आले. नवेगांवबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नांवावर परंपरा सांगते. पुढें १७४३ च्या सुमारास रघूजी भोसल्यानें देवगडची सत्ता आपल्या हातीं घेतली. इंग्रज आला तेव्हां गोंडाच्या जीवनावर दोन तीन थर आधींच चढले होते.

या थरांखालचें कांहीं हातीं लागेल तर तें परधानांच्या मुखांतून. परधान हे गोंडांचे भाट. किंगरीच्या साथीनें ते यजमान घराण्यांचीं कुळें, पेन म्हणजे देव, व लिंगोची कथा गातात. ही कथा प्रथम कागदावर उतरविण्याचें श्रेय नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांस आहे. ते १८६३ सालीं बुडून वारले. त्यांचीं टिपणें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापलीं.

या छापील पाठांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. महादेवानें गोंडांस धवलगिरीवरील गुहेंत कोंडून तोंडावर सोळा हात लांबीची शिळा लोटली. चौघे तेवढे निसटून काचीकोपा लोहागड येथें गेले, असें तेथें आहे. आज दरेकशाजवळील कचारगडची गुहा हीच ती गुहा व हाच तो लोहागड असें मानून माघी पौर्णिमेस गोंड लोक अनेक प्रांतांतून तेथें जमतात. म्हणजे छापील पाठांत जीं स्थळें दोन, तीं श्रद्धेंत एक झालीं. यावरून कोणास खोटें ठरवावें असें नाहीं. आमच्या मतें धवलगिरि व महादेव हीं नांवें वरच्या थरांतील आहेत. नांवें गायकाबरोबर व श्रोत्याबरोबर बदलतात. काम करण्याची रीत तितकी लवकर बदलत नाहीं.

म्हणून कथेंतील काम पाहावें. लिंगो त्या चौघांस झाडें तोडून शेत करावयास लावतो. पिकास नीलगाईंचा कळप लागतो. धनुष्यबाण घेऊन ते पाठलाग करितात. मांस भाजावयास विस्तव हवा, तो लिंगो एका राक्षसाच्या शेतांतील धुनीवरून आणतो. शेत, राखण, शिकार व विस्तव यांची ही एकच सांखळी आहे, आणि ती दह्या शेतीशीं बरोबर जुळते. हिवाळ्यांत झाडें तोडावयाचीं, तीं वाळलीं म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस जाळावयाचीं, आणि पहिल्या पावसांत राखेवर कोदो कुटकी फेंकावयाची. नांगर नको, बैल नको. दोन तीन पिकें झालीं कीं जागा सोडावयाची. इंग्रजी वनखात्याच्या निर्बंधांनीं ही रीत पुढें बहुतेक ठिकाणीं मोडली. तिच्या जोडीस मोह. चैत्रांत पहांटे गळलेलीं फुलें वेंचून वाळविलीं म्हणजे धान्य संपलेल्या दिवसांत तीं पोटास येत. दारू हा त्याचा एक उपयोग, एकमेव नव्हे. सरकारी लेखकांनीं मात्र दारूच तेवढी पाहिली.

कथेच्या शेवटीं लिंगो मुक्त झालेल्यांची कुळांत वांटणी करितो. चार, पांच, सहा व सात देवांचे गट ते हेच. समान संख्येच्या देवांचे ते भाऊबंद. त्यांच्यांत सोयरीक होत नाहीं. ही वांटणी लेखावर नव्हे, लग्नांवर टिकली. प्रत्येक सोयरिकीच्या वेळीं ती तपासली जाते, हाच तिचा दाखला.

संग्राहकांनीं परधानाचें गाणें उतरून घेतांना गांव, यजमानाचें कूळ, देवांची संख्या व समोर बसलेले श्रोते यांची नोंद अवश्य करावी. एरवीं वरचा थर कोणता व खालचा कोणता हें पुढील वाचकास कळणार नाहीं. लेखनाची आशाहि अगदींच सोडूं नये. शेजारच्या बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांची गोंडी लिपि १९१८ ची, म्हणजे अलीकडची. परंतु आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा येथें निराळ्याच गोंडी लिपींतील हस्तलिखितें या शतकाच्या आरंभीं उजेडांत आलीं, व त्यांचा काळ कांहीं अभ्यासक १७५० च्या सुमाराचा धरितात. तेव्हां परधानाच्या घरीं पोथी नसणारच, असें गृहीत धरून कोणीं दारावरून परतूं नये.