वॉशिंग्टनचे पत्र : जॉर्जटाउनची गादी

अमेरिकेतील विद्यापीठांचा कारभार वाचकांस समजावून द्यावयाचा, तर आरंभ क्रीडांगणापासून करणेच श्रेयस्कर. कारण ज्या देशात कित्येक राज्यांच्या नोकरवर्गात सर्वाधिक वेतन राज्यपालास न मिळता सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल अथवा बास्केटबॉल प्रशिक्षकास मिळते, तेथे विद्या आणि खेळ यांचा संसार एका छपराखाली कसा चालतो हे पाहिल्यावाचून त्या देशाची ओळख पुरी होत नाही. बास्केटबॉलपटू पॅट्रिक यूइंग यांची हकीकत या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

जमैकात जन्मलेला, लहानपणी क्रिकेट खेळलेला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आल्यावर बास्केटबॉल शिकलेला हा सात फुटी मुलगा १९८१ साली येथील जॉर्जटाउन विद्यापीठात दाखल झाला. खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून उभे राहणारे करड्या शिस्तीचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन यांच्या हाताखाली त्याने चार वर्षे काढली, १९८४चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले, पदवी घेतली आणि मगच न्यूयॉर्कच्या निक्स या व्यावसायिक संघाची चाकरी पत्करली. तेथे पंधरा हंगाम गाजवून, पुढे अनेक वर्षे दुय्यम प्रशिक्षक म्हणून उमेदवारी करूनही मुख्य प्रशिक्षकाची सनद कोणत्याही व्यावसायिक संघाने त्यांस दिली नाही. ती २०१७ साली दिली मातृसंस्थेने, आणि तीही थॉम्प्सन यांच्याच चिरंजिवांस त्या जागेवरून दूर करून!

मार्च २०२१मध्ये निक्सच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात, जेथे यूइंग यांचा ३३ क्रमांकाचा सदरा छताशी मानाने टांगलेला आहे, तेथील पहारेकरी त्यांनाच अडवून परवाना मागत होते. या प्रकाराची तक्रार त्यांनी वार्ताहरांसमोर उघड केली. पण हंगामापूर्वी जाणकारांनी तळाला बसविलेल्या त्यांच्या संघाने त्याच सभागृहात क्रेटन विद्यापीठाचा ७३-४८ असा धुव्वा उडवून बिग ईस्ट या विद्यापीठीय संघगटाची स्पर्धा जिंकली. थॉम्प्सन मात्र हे पाहावयास उरले नव्हते.

पुढच्या हंगामात बिग ईस्टमधील एकोणीसच्या एकोणीस सामने जॉर्जटाउन हरले. याचे एक कारण महाविद्यालयीन खेळाच्या नियमांत आहे. येथील प्रशिक्षकाचे निम्मे कर्तृत्व मैदानाबाहेरचे असते: सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जावे, मातापित्यांचे मन वळवावे, मुलगा आणावा आणि टिकवावा. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस पूर्वी सामान्यतः वर्षभर बाहेर बसावे लागे. २०२१च्या एप्रिलात पहिल्या बदलीपुरती ती अट उठली, आणि जुलैपासून आपले नाव व छबी विकण्याची मुभाही मुलांस मिळाली. विजयी संघातला सेंटर खेळणारा उंचेला गडी त्याच वसंतात शेजारच्या मेरीलँडकडे गेला. वर्षभराने तो परतलाही! ज्या यूइंग यांनी स्वतः चार वर्षे एका गुरूपाशी काढली, त्यांस दरसाल नवी फौज उभारण्याची ही कला साधली नाही.

तथापि सारा दोष नियमांवर ढकलणे मला पटत नाही. त्याच नियमांखाली, त्याच हंगामात, व्यावसायिक संघाचा सदरा कधीही न घातलेले प्रशिक्षक एड कूली यांनी प्रॉव्हिडन्स महाविद्यालयाच्या संघास बिग ईस्टमध्ये अग्रस्थानी नेले होते. खेळाडू म्हणून कमावलेला लौकिक भरतीच्या बाजारात एकदाच वटतो, दरसाल नाही, असे माझे मत आहे. ७५ विजय आणि १०९ पराभवांच्या हिशेबावर मार्च २०२३मध्ये यूइंग बडतर्फ झाले. त्यांच्या जागी विद्यापीठाने कूली यांनाच आणले, आणि पहिल्या हंगामात त्यांनी सामने जिंकले नऊ, हरले तेवीस.