नव्वद ग्रॅम

सकाळचे साडेसहा. आज बुधवार, म्हणजे खर्डीत चिकन-मटणाचा वार. चिकनवाल्याकडे उशीर झाला तर छातीचं मांस संपतं, म्हणून दुकान उघडतानाच मी दारात उभा असतो. तीन किलो बोनलेस. प्लेटमध्ये किती कोंबडी पडणार हे गिऱ्हाइकाला वाटतं तसं कढईवर ठरत नाही. ते इथे, सकाळी, काट्यावर ठरतं. संध्याकाळी माझ्या चायनीजच्या गाडीवर कितीही मनात आणलं तरी सकाळी न घेतलेलं चिकन येणार कुठून?

साडेसात ते दहा मी फक्त कापतो. माझा तुकडा बोटाच्या पेरापेक्षा लहान होऊ देत नाही. चवळीच्या दाण्याएवढा कापला की अर्ध्या किलोचं एक किलो दिसतं, ही या धंद्यातली पहिली चोरी. दुसरी पिठाची. अंडं, मैदा आणि कॉर्नफ्लॉवरचा पातळ थर मांसाला हवाच. त्याने तेलात रस आत राहतो आणि वरून कुरकुरीतपणा येतो. पण तोच थर जाड केला की आत करंगळीच्या नखाएवढं मांस आणि बाहेर लाल रंगाची भजी. खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कळतं. तोवर पैसे दिलेले असतात.

हे मला शिकवलं माझ्या धाकटीने. तेव्हा मी गोदामात कामाला होतो, रात्रीच्या कसारा लोकलने परत यायचो. पगाराच्या दिवशी वाटेतल्या एका गाडीवरून चिकन ट्रिपल बांधून घ्यायचो. भात, नूडल्स, वेगळ्या पिशवीत ग्रेव्ही, वर तळलेल्या नूडल्सचा डोंगर. पोरं जागी राहिलेली असायची. एकदा धाकटी चमच्याने भात बाजूला सारत बसली. चार तुकडे निघाले, चारही पिठाचे. तिने आईला विचारलं, “आई, ते चिकन टाकायला विसरले का गं?” बायको म्हणाली, “हो, विसरले असतील.” महिनाभर वाट पाहिलेल्या पोरीला याहून वेगळं काय सांगणार? मी डबा धुऊन ठेवला आणि रात्रभर जागा राहिलो. पुढे गाडी टाकली तेव्हा कढईच्या आधी वजनकाटा घेतला. फुल प्लेटला कच्चं नव्वद ग्रॅम, हाफला पन्नास. तळल्यावर पाणी जाऊन वजन घटतं, म्हणून मोजतो ते कच्चंच. तीन किलोत 33 फुल होतात. प्रत्येक वाटा वेगळ्या पिशवीत बांधून बर्फाच्या पेटीत.

अकरा वाजता भात. तो मोकळा शिजवून परातीत पसरून गार करावा लागतो, गरम भात कढईत टाकला की लगदा. मग कोबी. धुवायला पाणी लागतं आणि एप्रिल-मेमध्ये तेच नसतं. तानसा, भातसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला; इथल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तरी कोबी दोनदा धुतो. कोबी स्वस्त, म्हणून तो भरमसाट घालायचा आणि चिकनच्या जागा त्याने बुजवायच्या, ही तिसरी चोरी. जास्त कोबीला पाणी सुटतं, भात ओला होतो, म्हणजे ज्यात पैसे वाचवले तोच पदार्थ बिघडतो.

दुपार झोपेत जाते.

चार वाजता चटणी: भिजवलेल्या सुक्या मिरच्या, भरपूर लसूण, व्हिनेगर. पोऱ्या विचारतो, “दादा, अजिनोमोटो किती?” चिमूटभर. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून त्याची चव वेगळी काढली. त्या पांढऱ्या दाण्यांशी माझं भांडण नाही. मांस नसलेल्या ग्रेव्हीला मांसल चव देऊन रिकामी जागा झाकायला ते वापरतात, त्याच्याशी आहे. लोक म्हणतात, चायनीज म्हणजे असंच, सॉस आणि पीठ. ते खरं नाही. चिकन मंचुरियनचं श्रेय ज्यांना देतात ते नेल्सन वांग कोलकात्यात जन्मलेले. 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवर लावून दाटपणा आणला. हे सगळं कोंबडीच्या तुकड्यांभोवती. कोंबडी काढून घेतली की उरते ती नुसती खळ.

साडेपाचला गाडी लावतो, 19 किलोचा सिलिंडर जोडतो. सात ते नऊ मान वर करायला सवड नसते. लोकल आली की माणसं उतरतात, अंगावर कल्याण-ठाण्याचा दिवस घेऊन. “दादा, दोन हाफ राइस पार्सल.” कढई भट्टीवर हलत असते आणि त्यांचे डोळे माझ्या हाताकडे असतात. मी पिशवी त्यांच्यासमोर फोडतो. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावं लागतं, माझ्या डब्यावर नाही. मग निदान दिसू तरी दे. महिन्याभरापूर्वी पाड्यावरची एक आजी नातवाला घेऊन आली होती. डबा हातात घेऊन म्हणाली, “पोरा, कोंबडी हाय ना रं ह्यात?” मी झाकण उघडून दाखवलं. तिने नातवालाही दाखवलं, मगच पदराची गाठ सोडली. एका आजीला असं विचारावं लागतं, याची मला आमच्या सगळ्या धंद्याच्या वतीने लाज वाटली.

दहाला पेटी रिकामी. तेवढ्यात बाईकवरून दोघं येतात. “चिकन राइस.”

“चिकन संपलं.”

“ग्रेव्ही असेल ना? तीच मार, शेजवान जास्त टाक. चालेल.”

चालेल, हे ते कुठेतरी शिकलेले आहेत. मी व्हेज राइस करून देतो आणि व्हेजचेच पैसे घेतो. उरलेल्या नोटेकडे तो जरा वेळ बघतो, मग खिशात टाकतो.

साडेअकराला कढई घासून होते. उद्या गुरुवार, बरेच लोक पाळतात. दीड किलो पुरेल, 16 फुल. पोऱ्याला पिशव्या मोजायला सांगतो.