कळ, ठणका आणि भगभग

वैद्यकीय कॉलेजात माझे नाव दाखल झाले त्या महिन्यात आमच्या घरात सांगाड्यावरून महाभारत झाले. सांगाडा म्हणजे अर्धाच. माणसाच्या देहात हाडे २०६. पण उजवी-डावी बरीचशी जोडीजोडीने असल्यामुळे विद्यार्थ्याला अर्धा संच पुरतो. तो मी वरच्या वर्गातल्या मुलीकडून घेतला आणि कापडी पिशवीत घालून लोकलने दादरला आणला. डब्यात शेजारी बसलेल्या बाईंनी "सुरण का गं?" म्हणून चौकशीही केली! घरी आजीने पिशवीत डोकावून तत्काळ फर्मान काढले, "देवघराच्या भिंतीला भिंत लागलेल्या खोलीत हे ठेवायचं नाही." शेवटी तह झाला. हाडे गॅलरीतल्या ट्रंकेत राहिली आणि मी रात्री तिथेच, मांडीचे हाड मांडीवर घेऊन, पाठांतर करू लागले. महिन्याभराने आजीच विचारू लागली, "आज कुठलं हाड गं?"

पहिले वर्ष असे घोकण्यातच जाते. शब्द सगळे ग्रीक-लॅटिन घराण्यातले. मान वळवली की जो ताठ स्नायू दिसतो, त्याचे नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड! आमच्या शास्त्राचा मान्यवर ग्रंथ म्हणजे ग्रेची 'अ‍ॅनाटमी'. तो १८५८ साली लंडनला निघाला. मजकूर हेन्री ग्रेचा, चित्रे हेन्री कार्टरची. हा कार्टर त्याच साली मुंबईला आला आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, हे आपल्या मुंबईकरांना फारसे ठाऊक नसते. त्याच्या चित्रांची खुबी अशी, की शिरेचे नाव शिरेवर आणि स्नायूचे स्नायूवरच लिहिलेले. बोट ठेवावे आणि वाचावे.

शवविच्छेदनाबद्दल लोक फार विचारतात. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांना झोंबतो, पण हळूहळू सवय होते. पहिल्या दिवशी त्या देहापुढे हात जोडून आम्ही शपथ घेतली होती. तो देह काहीच बोलत नव्हता, आणि त्याच्या कणाकणाला पुस्तकात नाव होते.

वॉर्डात पाऊल टाकले मात्र, आणि सारे उलटे झाले. इथला देह बोलतो, आणि मराठीत बोलतो! रोग्याची हकीकत विचारून लिहून काढणे हे आमचे पहिले काम. आम्ही तिला हिस्टरी म्हणतो. इंग्रजी पुस्तकात दुखण्याला मोजकी विशेषणे. इकडे खाटेवरचा माणूस सांगतो ते ऐका: कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा पडतो, रग लागते. ही नुसती शब्दांची श्रीमंती नव्हे बरे का! ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकतो. आत पू धरला आहे का, ते पाहावे लागते. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. आतड्यात किंवा मूत्रवाहिनीत काही अडले की ती अशीच येते. चमक क्षणात निघून जाते. 'पेन' म्हणून उरकले, की हे सगळे पुसले जाते.

आमच्या वॉर्डात एक कोळीण मावशी आल्या होत्या. साठीच्या आसपास वय, कपाळावर ठसठशीत कुंकू. पोटात वरच्या बाजूला भगभग होते, एवढेच सांगत. पित्ताचे औषध बरेच दिवस चालू होते आणि त्याची बाटली त्यांनी उशाशी ठेवली होती. आमच्या मॅडमनी विचारले, "मावशी, ही भगभग जेवल्यावर होते, की उपाशीपोटी?"

"तसं काय नाय. डोईवर टोपली घेऊन पूल चढली का सुटते."

"आणि मग?"

"टोपली उतरवून बसली का जाते, बाय."

मॅडमनी पोटावरचा हात उचलला आणि मनगटाची नाडी धरली. आमच्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, "ऐकलंत?"

कार्डिओग्राम झाला, पुढच्या तपासण्या झाल्या. दोष पित्तात नव्हता. हृदयाला रक्त पुरवणारी एक रोहिणी अरुंद झाली होती. बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ न येता असे दुखणे पोटात जाणवण्याचा संभव अधिक. त्या रात्री मी हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरविषयी वाचले. अंजायनाचे वर्णन त्याने केले, ते १७७२ साली छापून आले. हे दुखणे चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर उठते व उभे राहिले की थांबते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. कार्डिओग्राम निघायला तेव्हा शंभरावर वर्षे अवकाश होता. त्याच्यापाशी होते ते रोग्यांचे बोलणे. मावशींनी पुलावर जे सांगितले, तेच!

मावशींच्या रोहिणीत स्टेंट बसला. घरी जाताना त्यांनी माझा हात धरून विचारले, "बाय, टोपली घेऊ ना पुन्यांदा?" मी काय सांगणार? विद्यार्थी तो विद्यार्थी. "मॅडमना विचारून सांगते," म्हटले. मॅडम म्हणाल्या, "थोडे दिवस नको. मग आधी रिकाम्या हाताने पूल चढून बघू." मावशींना हे मुळीच रुचले नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तीत रोग्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते. 'जीव घाबरा होतो', 'हातपाय गळतात', 'अंग मोडून येतं'. आजीनेही भर घातली आहे. तिचा गुडघा म्हणे 'बोलतो'.

आता अंतिम परीक्षा आली. तीत अनोळखी रोग्याची हकीकत घेऊन परीक्षकांपुढे मांडावी लागते. जुने, मुरलेले रोगी विद्यार्थ्यांना सांभाळून घेतात, असे वरच्या वर्गातली मंडळी सांगतात. एका घामाघूम झालेल्या मुलाला म्हणे एक आजोबा कानात म्हणाले, "डावीकडं दाब रे बाळा, बरगडीखाली. प्लीहा तिकडं असते."